खडखड की टकटक?

“आवाज येतोय.”

“कसला?”

“विचित्र.”

उस्तादांनी हातातला पाना फडक्याला पुसला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगणाऱ्या पेशंटकडे पाहतात. “ताई, विचित्र म्हणजे? खडखड, टकटक, घरघर, धडधड, चीं, फुसफुस, का कुरकुर? मराठीत एवढे आवाज आहेत. एक तरी निवड.”

मास कम्युनिकेशनची पदवी खिशात घेऊन मी नाना पेठेजवळच्या त्या गॅरेजमध्ये उभी होते आणि मला एका आवाजाचं वर्णन करता येत नव्हतं. शेवटी मी फोन काढला. सकाळी रेकॉर्ड केलेली क्लिप लावली. त्यात निम्मा वेळ शेजारच्यांच्या कुत्र्याचं भुंकणं होतं. उस्तादांनी ती दोनदा ऐकली आणि विचारलं, “हा आवाज सकाळी जास्त असतो, का गाडी गरम झाल्यावर?”

हा प्रश्न आम्हाला आधी कोणीच विचारला नव्हता. त्यामुळे चाळीस हजार वाचले, पण ते पुढे सांगते.

आजोबांची गाडी

गाडी आजोबांनी घेतलेली. एकवीस वर्षांची, पांढरी, तीन सिलिंडरची, छोटी. कंपनीचं नाव सांगत नाही. एकवीस वर्षांनी काही बिघडलं म्हणून कंपनीला बोल लावणं बरं नव्हे, आणि एवढ्या वर्णनावरून तुम्ही ओळखली असेलच. आजोबा गेल्यापासून ती बाबांकडे आहे आणि बाबांना वेळ नाही म्हणून गेल्या वर्षापासून माझ्याकडे. पंधरा वर्षांनंतर करायचं फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण एकदा झालंय, दुसरं जवळ आलंय. म्हणजे ‘आता ही गाडी ठेवायची का’ हा विषय तसाही जेवणाच्या टेबलावर होताच. आवाजाने फक्त निमित्त दिलं.

घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली तेव्हा तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्शन काढून पाहिलं. दुसऱ्या सिलिंडरचं काढल्यावर टकटक जवळजवळ थांबली. त्याने निकाल दिला : “दोन नंबरचं बेअरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागेल. चाळीस हजार धरून चला.” बाबा म्हणाले, गाडीचीच किंमत तेवढी येणार नाही, स्क्रॅपला देऊन टाकू. आजी काहीच म्हणाली नाही. आठवड्यातून दोनदा तिला फिजिओथेरपीला नेणारी हीच गाडी. रिक्षात तिला चढता येत नाही.

मी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. माणसाच्या ऑपरेशनच्या वेळी आपण घेतो, मग गाडीच्या का नाही?

आधी ठरवा, आवाज इंजिनचाच आहे का

उस्तादांचं वय साठीच्या पुढे. ऐन तारुण्यात ते मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजमध्ये होते. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आलेली आणि पुढे प्रीमिअर पद्मिनी झालेली ती गाडी, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. तिची शेवटची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची मर्यादा संपल्याने रस्त्यावरून गेली. त्या इंजिनांना संगणक नव्हता, त्यामुळे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून काही कळायची सोय नव्हती. कान हाच स्कॅनर. उस्ताद अजूनही मशिन लावण्याआधी कान लावतात. मशिन त्यांच्याकडे आहे, पण ते म्हणतात, “सेन्सर नाही त्या जागेचं मशिन काय सांगणार?” आणि खरंच, नट ढिला आहे की गॅस्केट फाटलंय हे सांगणारा सेन्सर कोणत्याच गाडीत नसतो.

पहिली चाचणी इतकी साधी की मला लाज वाटली. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, जागेवर उभी ठेवून हळूच रेस द्यायची. आवाज इंजिनच्या वेगाबरोबर वाढला तर तो इंजिनचा किंवा इंजिनला लटकलेल्या कशाचा तरी. उभ्या गाडीत आवाज नाही, पण चालत्या गाडीत येतो आणि चाकाच्या वेगाबरोबर बदलतो, तर बॉनेट उघडायची गरजच नाही, खाली वाका. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी वळवताना ‘कट कट कट’ ऐकू आलं तर बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट झिजलेला असतो. त्यावरचं रबरी बूट फाटतं, आतलं ग्रीस बाहेर, धूळ आत. अशा गाडीचं इंजिन खोललेलं उस्तादांनी स्वतः पाहिलंय. जॉइंट तसाच वाजत राहिला, हे सांगायला नको.

क्लचचंही तसंच. उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय. उलट, क्लच दाबल्यावर घरघर बंद झाली तर गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पाय दाबायचा आणि कान द्यायचा, बस. दहा सेकंदांचं काम.

वरून टकटक, खालून ठकठक

आता इंजिनकडे. पेट्रोल इंजिनच्या आवाजातला सगळ्यात मोठा धडा मला दोन शब्दांत मिळाला : वर आणि खाली.

वरच्या बाजूला, हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. जुन्या गाड्यांमध्ये रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुद्दाम केसाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट नसेल तर व्हॉल्व्ह नीट बंदच होणार नाही. झिजून ती फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. हीच ‘टॅपेट वाजतंय’ची टकटक. बारीक, कोरडी, जुन्या शिलाई मशिनसारखी. फिलर गेज नावाच्या पातळ पत्र्यांच्या जुडीने फट मोजून स्क्रूने ‘टॅपेट सेटिंग’ करतात. हे तासाभराचं काम असतं. फट जरा मोठी असली तर गाडी कुरकुर करत का होईना, चालते. उस्तादांचं म्हणणं, वाजणारं टॅपेट परवडलं, पण अति घट्ट केलेलं नको. घट्ट टॅपेट गप्प बसतं आणि व्हॉल्व्ह जाळतं.

खालच्या बाजूला क्रँकशाफ्ट. तिथे पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड पातळ बेअरिंगवर फिरतात आणि बेअरिंग व क्रँक यांच्यात ऑइलचा थर असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. बेअरिंग झिजलं किंवा ऑइलचं प्रेशर पडलं की रॉड आपटायला लागतो. हा आवाज टकटक नाही, ठकठक. जाड, खोल, बंद दारावर कोणी मुठीने वाजवावं तसा. रेस देऊन सोडताना विशेष जाणवतो. हा ऐकून ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्यांचा रॉड कधीकधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. उस्तादांच्या कपाटावर असा एक वाकलेला रॉड आहे. आता पेपरवेट म्हणून वापरतात.

आणि इथेच तो सकाळचा प्रश्न. थंड ऑइल घट्ट असतं, गरम झालं की पातळ होतं. त्यामुळे बेअरिंगची ठकठक साधारणपणे गाडी गरम झाल्यावर वाढते. सकाळी कमी, दुपारी जास्त. आमच्या गाडीचं उलट होतं. सकाळी सोसायटी जागी व्हावी इतकी टकटक आणि सिंहगड रस्त्यावरून पुलापर्यंत पोहोचेतो जवळजवळ गायब.

“मग बेअरिंग कसं असेल?” उस्ताद म्हणाले. रागावून नाही, कोडं घातल्यासारखं.

थंडीत वाजणारा आणि तापल्यावर कमी होणारा आणखी एक आवाज असतो : पिस्टनचा. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट झिजून वाढली की थंड असताना पिस्टन आत डुलतो, गरम झाल्यावर फुगून नीट बसतो. आमची गाडी त्यातलीही असू शकत होती, म्हणजे मी लगेच हुरळून जायचं कारण नव्हतं. उस्ताद म्हणाले, “गाडी ठेवून जा. उद्या सकाळी साडेआठला ये. तू आल्याशिवाय चावी फिरवणार नाही.”

स्क्रू ड्रायव्हर कानाला

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा दोन गाड्या आमच्या आधी रांगेत होत्या. बरंच झालं, फुकट शिकवणी मिळाली.

पहिली गाडी बॉनेट उघडायच्या आधीच किंचाळत होती. ‘चीं’ करून सुरू होते आणि दोन-तीन मिनिटांत थांबते. ही बेल्टची. स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट खेचलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो आणि कडक झालेला, ढिला बेल्ट पुलीवर घसरतो. पावसाळ्यात जास्त. एसी किंवा हेडलाइट लावल्यावर ‘चीं’ वाढली तर संशय पक्का. उस्तादांनी हात लांब ठेवून बाटलीने बेल्टवर थोडं पाणी उडवलं, किंचाळी आणखी वाढली. म्हणजे ताण कमी. पाणी पडल्यावर आवाज क्षणभर गेला असता तर पुली एका रेषेत आहेत का ते तपासलं असतं. बेल्टच्या वळ्यांमध्ये तडे होते, म्हणून ताण वाढवण्याऐवजी बेल्टच बदलला. गाडीमालक काका दोन महिन्यांपासून त्यावर कसलासा स्प्रे मारत होते. असो.

दुसऱ्या गाडीत घरघर होती आणि ती नेमकी कुठून येतेय ते कळत नव्हतं. अल्टरनेटर, वॉटर पंप आणि टेन्शनर, तिघांचीही बेअरिंग एकमेकांच्या शेजारी. इथे उस्तादांनी वीतभराहून लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग पंप. मग टेन्शनरचा बोल्ट. “हा,” ते म्हणाले आणि मूठ माझ्याकडे दिली. मी ऐकलं. आधीचे दोन गुणगुणत होते, हा मात्र खडी दळत होता. एवढा स्पष्ट फरक, आणि हवेतून ऐकताना तिन्ही आवाजांची नुसती खिचडी.

यात जादू काही नाही. आवाज घन पदार्थातून हवेपेक्षा कितीतरी चांगला पोहोचतो आणि स्क्रू ड्रायव्हर आजूबाजूचा गोंगाट गाळून एकाच जागेचा आवाज देतो. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. तीच कल्पना, फक्त इथे पेशंट ऑइल गाळतो. ज्यांना स्क्रू ड्रायव्हरची भीती वाटते त्यांनी हातभर रबरी पाइप घ्यावा, एक टोक कानाशी, दुसरं संशयित जागेजवळ. फुसफुस म्हणजे हवेची गळती शोधायला तर पाइपच चांगला, कारण ती धातूतून नाही, हवेतूनच येते.

एक सूचना, आणि ही मी स्वतः ओरडा खाऊन शिकले. चालू इंजिनवर वाकताना गळ्यातलं ओळखपत्र, ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या काहीच नको. माझं इंटर्नशिपचं कार्ड बेल्टपासून चार बोटांवर लोंबत होतं तेव्हा उस्तादांनी मला खांद्याला धरून मागे खेचलं. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा तर बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

घाटातली खिळखिळ

आमची पाळी यायला वेळ होता. चहा आला. कात्रजच्या घाटात आमची गाडी चौथ्या गिअरवर ओढताना डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज करते, तोही याच दुखण्याचा का, असं मी विचारलं. उत्तर आलं, ते दुखणं गाडीचं नाही, चालवणारीचं.

त्याला नॉकिंग म्हणतात. स्पार्क पडल्यावर सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत शिस्तीत जळायला हवं. दाब आणि उष्णता फार झाली तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि त्या धक्क्याने धातू खणखणतो. कमी वेगात मोठा गिअर, चढ, भरलेली गाडी, आत साचलेला कार्बन, चुकलेलं टायमिंग, जास्त तापलेलं इंजिन, यातलं काहीही कारण असू शकतं. खालचा गिअर टाकला आणि आवाज गेला तर आधी सवय बदला. तरी राहिला तर मेकॅनिककडे जा, कारण सतत नॉकिंग झालं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

हा खणखणाट बंद करायच्या नादात जगाने एक भयंकर गोष्ट केली होती, ती मी घरी आल्यावर वाचली. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग घातल्यास नॉकिंग थांबतं असं आढळलं. इंजिनं शांत झाली आणि शिसं धुरातून मुलांच्या रक्तात गेलं. भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आलं. म्हणजे माझ्या पिढीच्या जन्माच्या जेमतेम आधी. सगळ्यात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते बंद केलं. इंजिनच्या एका आवाजासाठी शंभर वर्षं!

चिंधी

अखेर आमची गाडी. रात्रभर थंड झालेली. उस्तादांनी चावी माझ्याकडे दिली. टक-टक-टक-टक.

त्यांनीही तेच केलं जे पहिल्या मेकॅनिकने केलं होतं. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढला. (कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये यासाठी प्लगची कॅप काढत. इंजेक्शनच्या गाड्यांत चालू इंजिनवर प्लगची वायर ओढू नका. शॉक बसतो आणि कॉइल जाऊ शकते.) दोन नंबरचा काढल्यावर टकटक पडली. म्हणजे पहिल्या मेकॅनिकचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं! टॅपेटचा आवाज सिलिंडर बंद केला तरी तसाच राहतो, कारण कॅमशाफ्ट फिरतच असतो. इथे आवाज पडला, म्हणजे तो जळणाच्या दाबाशी जोडलेला. इथपर्यंत दोघांचं एकमत. पण दाबाशी जोडलेले आवाज तीन : रॉडचा, पिस्टनचा आणि...

उस्तादांनी तिसऱ्याचं नाव घेतलं नाही. एक जाड चिंधी ओली करून घडी घातली, पोऱ्याला म्हणाले, सायलेन्सरचं तोंड अर्धवट दाब, क्षणभरच. त्याने दाबलं. बॉनेटखालची टकटक एकदम मोठी झाली आणि तिला फुसफुशीची जोड मिळाली.

बाहेर पडायची मुख्य वाट अडवल्यावर धूर दुसऱ्या वाटेने जोरात निघाला. रॉडला किंवा पिस्टनला सायलेन्सरच्या तोंडाशी काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. गळती होती एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे हेडमधून धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या जोडावर. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालच्या धुराचा एक फटका त्या फटीतून बाहेर. तो कानाला हुबेहूब टॅपेटसारखा लागतो. त्यालाही कारण आहे. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असताना कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने, ४५० फेऱ्यांनी फिरतो. टॅपेटची टक आणि एका सिलिंडरच्या धुराचा फटका, दोन्ही सेकंदाला साडेसात वेळा. आणि इंजिन तापलं की मॅनिफोल्डचं लोखंड प्रसरण पावतं, फट मिटते, आवाज जातो. म्हणून फक्त सकाळी.

इंजिन बंद करून त्यांनी वरचा पत्रा काढला. दोन नंबरच्या जोडाशी काजळीचा काळा पंखा उमटला होता, जणू कुणी मेणबत्ती धरली असावी. एक स्टड तुटलेला. चुकार पुरावा इतका उघड्यावर होता की मला हसू आलं.

मग उस्तादांनी असं काही विचारलं की हसू गेलं. “गाडीत कुणाचं डोकं दुखतं का?”

आजीचं. तीन-चार महिन्यांपासून. फिजिओथेरपीवरून आली की डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, उन्हाचं असेल, व्यायामाचा थकवा असेल. बॉनेटखाली गळणारा धूर पुढच्या काचेखालच्या हवेच्या वाटेने केबिनमध्ये येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. आजीचं डोकं त्यामुळेच दुखत होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पण सिग्नलला गाडी थांबवून, काचा लावून, ब्लोअर सुरू ठेवून आम्ही बसायचो आणि मी तिला म्हणायचे, “आजी, तू फार काळजी करतेस.” ते आता सारखं आठवतं.

इंजिनचा आवाज बदललाय आणि गाडीत बसल्यावर डोकं जड होतंय, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि तशीच चालवत राहू नका.

बिल

तुटलेला स्टड सहज निघाला नाही. गंजून बसला होता. लेथवाल्याला बोलावून भोक पाडून काढावा लागला, मॅनिफोल्डची बाजू घासून सपाट करून घेतली, नवीन गॅस्केट, तीन नवे स्टड. दुपारी तीन वाजता बिल झालं एक हजार नऊशे पन्नास. मी रोख दिले आणि बाबांना बिलाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर फक्त एक अंगठा.

पहिल्या मेकॅनिकने फसवलं का? मला तसं वाटत नाही. त्याने योग्य चाचणी केली, फक्त एक प्रश्न कमी विचारला. दुपारी बारा वाजता गरम गाडी समोर आली की सकाळचा आवाज ऐकायला त्याला तरी कुठे मिळणार? म्हणून तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर मेकॅनिककडे जाताना आवाजाबरोबर त्याची जन्मकुंडलीही न्या : थंड की गरम, उभी की चालती, रेस देताना की सोडताना, एसीबरोबर की एसीशिवाय, चढावर की सपाटीवर, कधीपासून, आणि त्याआधी गाडीचं काय काम झालं होतं. शेवटचं फार महत्त्वाचं. उस्तादांच्या अनुभवात अर्धे नवे आवाज आदल्या आठवड्यात कुणीतरी नीट न आवळलेल्या नटाचे असतात. क्लिप रेकॉर्ड करा, पण पहिल्यांदा चावी फिरवतानाची, आणि कुत्रा झोपलेला असताना.

त्याआधी डिपस्टिक मात्र बघाच. सपाट जागा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं, पुसायची, परत घालायची, मग वाचायची. निम्म्या टकटकी ऑइल कमी पडल्यानेच सुरू होतात असं उस्ताद सांगतात. आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीसारखा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर ‘घरी जाऊन बघू’ नाही. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर गेलंय हे सांगतो. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद. टोइंगचे पैसे इंजिनपेक्षा स्वस्तच पडतात.

जे मित्र-मैत्रिणी सेकंडहँड गाडी बघतायत त्यांच्यासाठी उस्तादांची एक चोरवाट. बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला सांगा, उद्या सकाळी येतो, मी येईपर्यंत चालू करू नका. विकणारे काही जण गाडी आधीच गरम करून ठेवतात, म्हणजे थंडीतले आवाज लपतात. काही जण नेहमीपेक्षा घट्ट ऑइल भरतात, म्हणजे गरमीतले लपतात. दुसऱ्यासाठी उपाय एकच, अर्धा तास चालवून परत आल्यावर पुन्हा कान लावा.

निघताना उस्तादांनी विचारलं, “टायमिंग बेल्ट कधी बदलला?” मी म्हटलं, त्याचा तर काही आवाज येत नाही.

“तेच ना. तो आवाज करत नाही. रबरी असतो, गप्प असतो आणि एक दिवस सुटतो.” काही इंजिनांमध्ये सुटला तर नुसती गाडी थांबते, काहींमध्ये पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून हेडच जातं. तो कानाने नाही, किलोमीटर आणि वर्षं मोजून बदलायचा.

घरी कोणालाच आठवत नाहीये. आजोबांची एक निळी वही होती, त्यात ते पेट्रोल, ऑइल, टायर, सगळं तारखेसकट लिहायचे. आजी म्हणते माळ्यावर असेल. शनिवारी शिडी आणणार आहे.